डावा चार, उजवा सहा

डेपोत तिला सगळे ताई म्हणत. तिच्याहून वयानं मोठे असलेले मेकॅनिकसुद्धा ताईच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. ती शहर बसची ड्रायव्हर होती. अंगानं काटक, सीटवर बसली की मागून नुसता अंबाडा दिसायचा. नवा प्रवासी चढताना क्षणभर थबकायचा, खाली उतरून पुन्हा बसचा नंबर वाचायचा आणि मग जरा जपून आत यायचा. याचा तिला पूर्वी राग यायचा. आता येत नव्हता. राग यायला तिच्याकडे दुसरं कारण होतं, आणि ते तिच्या पायात होतं.

ताईचं डावं पाऊल जन्मतःच आत वळलेलं होतं. आई सांगायची की नर्सनं बाळ हातात दिलं तेव्हा दुपट्याचं टोक मुद्दाम पायावर ओढून घेतलं होतं. आईनं ते बाजूला केलं, पाऊल बघितलं आणि पुन्हा झाकलं. तिथून पुढे आईचं अर्धं आयुष्य त्या पावलात गेलं. आधी प्लास्टर, मग ऑपरेशन, मग दुसरं ऑपरेशन, मग झोपताना बांधायचे पट्टीचे बूट. ते बूट घालताना पोर घर डोक्यावर घ्यायची, आणि आई तिच्या गुडघ्यावर गुडघा ठेवून पट्टे आवळायची. बाप बाहेर जाऊन उभा राहायचा. त्याला ते बघवायचं नाही.

पाऊल सरळ झालं. पण वाढीला मागे राहिलं ते राहिलंच. उजवं पाऊल सहा नंबरचं झालं आणि डावं चारवर थांबलं. वर ते रुंद, घोटा आखडलेला आणि पोटरी बारीक. बूट कुठलाही घ्यायचा तो उजव्या पायाचा विचार करून, आणि डाव्याच्या टोकात चिंध्या कोंबायच्या, असा घरात रिवाज पडला. शाळेच्या फरशीवर ती चालायची तेव्हा उजव्या बुटाचा आवाज यायचा टक आणि डाव्याचा यायचा फटक. पोरांनी तिचं नाव घोडागाडी ठेवलं होतं.

आणि आईचा एक कायदा होता. धावायचं नाही. खेळाच्या तासाला ताई भिंतीच्या सावलीत सगळ्यांची दप्तरं राखत बसायची. एकदा चुकून पकडापकडीत घुसली, तर आईनं तिला मारलं नाही, ओरडलीही नाही. नुसती तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "मोडलं तर पुन्हा सरळ करायची ताकद माझ्यात नाही." त्या वाक्यानं ताई पुढची तीस वर्षं धावली नाही.

बस चालवायला मात्र त्या पायानं कधी खोडा घातला नाही. परीक्षा घेणारा अधिकारी तिच्या डाव्या बुटाकडे संशयानं बघत राहिला होता खरा, पण क्लचला पाऊल केवढं आहे ते कळत नाही, जोर कळतो. जोर तिच्यात होता. लग्न झालं, नवरा छापखान्यात बाइंडिंग करणारा, शांत माणूस. मूल झालं नाही. वडील गेल्यावर आई तिच्याकडेच राहायला आली. जावयाचं आणि सासूचं इतकं जमायचं की ताईला कधी कधी आपणच त्या घरात पाहुण्या आहोत असं वाटायचं.

तिच्या बसचा शेवटचा थांबा शहर संपतं तिथे होता. पाण्याची टाकी, बंद पडलेली चौकी, आणि त्यामागे खडकाळ डोंगर. झाडं कमी, दगड फार. तिथे पोचलं की परत निघायला थोडा अवकाश असायचा. कंडक्टर तोंडावर वर्तमानपत्र ओढून मागच्या बाकावर आडवा व्हायचा. ताई पाय मोकळे करायला उतरायची. आधी टाकीपर्यंत, मग पायवाटेनं जरा वर, मग पहिल्या कातळापर्यंत. असं करता करता एके दिवशी ती कातळावर बसून राहिली आणि वेळेचं भान सुटलं. खाली कंडक्टरनं हॉर्न वाजवला. ताई उठली आणि उतारावरून धावत सुटली.

बसपाशी येऊन थांबली तेव्हा तिला कळलं आपण काय केलं ते. तिनं खाली पायाकडे बघितलं. पाय जागच्या जागी होता. दुखत नव्हता. त्या फेरीत तिनं दोन थांबे चुकवले आणि प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या.

पुढे सुट्टीच्या दिवशी सकाळी ती एकटीच डोंगरावर जाऊ लागली. घरी सांगायची, जादा ड्युटी आहे. नवऱ्याला खरं ठाऊक होतं, आईला नव्हतं. सपाट रस्त्यावर ती धावली तर लंगडते आहे हे लांबूनही कळायचं. पण खडकावर प्रत्येकच माणूस वेडावाकडा धावतो. इथे छोटं पाऊल, तिथे लांब ढांग, एक पाय उंचावर, एक खड्ड्यात. तिथे तिचं लंगडणं कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. चढावर तर ती चांगल्या धडधाकट पोरांना मागे टाकायची.

उतारावर मात्र बूट दगा द्यायचा. डाव्या बुटाच्या टोकातल्या चिंध्यांचा गोळा व्हायचा, टाच आतून सुटायची, पाऊल पुढे सरकायचं. दगडावर बूट एकीकडे आणि आतला पाय दुसरीकडे अशी अवस्था. नखं काळी पडली, मग गळून पडली. बूटही तिचे साधे, बाजारातले, जाड आणि जड. दगडावर बसायचे ते विटेसारखे.

शेवटच्या थांब्याच्या खांबावर एके दिवशी कागद चिकटलेला दिसला. कंडक्टरनं चष्मा लावून वाचला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या डोंगरावर शर्यत आहे. वरपर्यंत जाऊन परत यायचं."

"माझा डोंगर कधीपासून झाला?"

"रोज जाता म्हणजे तुमचाच की. नाव देऊन टाका."

तिनं नाव दिलं, आणि हलक्या बुटांचा शोध सुरू झाला.

तिला काय हवं होतं ते तिला नेमकं ठाऊक होतं. बूट हलका हवा, कारण आखडलेल्या घोट्याला प्रत्येक पावलाला बूट उचलावा लागतो. सोल पातळ हवा, म्हणजे दगड कसा आहे ते पावलाला कळेल, पण इतकाही पातळ नको की टोकदार खडा थेट हाडाला लागावा. खाली खाचा खोल हव्यात. पुढून रुंद हवा. आणि डावा चार, उजवा सहा. यातलं पहिलं सगळं दुकानात मिळत होतं. शेवटचं मिळत नव्हतं.

ती आधी मोठ्या दुकानात गेली. काचेची दारं, आत गारवा, आणि एका भिंतीवर खालपासून वरपर्यंत बूटच बूट. छातीवर 'पादत्राण सल्लागार' असा बिल्ला लावलेला एक तरुण पुढे आला. त्यानं तिला सरकत्या पट्ट्यावर धावायला लावलं आणि पडद्यावर तिच्या पायांचं चित्रण बघून गंभीर झाला.

"मॅडम, तुमचा डावा पाय नॉर्मल नाहीये."

"ते मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. बूट दाखवा."

तो आत गेला आणि एक जोड घेऊन आला. घोट्याच्या वरपर्यंत येणारा, बाजूनं कडक, खालून जाड. ताईनं हातात घेतला आणि तिला बसचा जॅक आठवला.

"मी हलका मागितला होता."

"हलके बूट नॉर्मल पायांसाठी असतात, मॅडम. तुम्हाला सपोर्टची गरज आहे."

"मला डावा चार नंबरचा आणि उजवा सहाचा हवाय."

तो हसला. त्याला वाटलं ती गंमत करते आहे. मग तिचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. "जोड फुटत नाही, मॅडम. सिस्टीमच घेत नाही."

त्या सिस्टीमला तोंड असतं तर ताईनं तिला चार शब्द सुनावले असते. नसल्यामुळे ती बाहेर पडली.

मग एक छोटं दुकान सापडलं. चष्मेवाला मालक स्वतः गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून बूट घालायचा. तो माणूस भला होता. त्यानं सहाच्या डाव्या बुटात एक तळवा घातला, मग दुसरा, मग तिसरा. जिभेखाली फोम लावला. नाडी वेगळ्या पद्धतीनं ओवली. बूट घट्ट बसला, पण पाऊल बुटाच्या काठापर्यंत वर आलं होतं. ताई दुकानाच्या पायरीच्या कडेवर उभी राहिली तशी ती एका बाजूला कलंडली. मालकानं तिचा दंड धरला.

"रस्त्यावर चालेल," तो ओशाळून म्हणाला.

"रस्त्यावर चालायला मला बस आहे."

फोनवरून मागवण्याचा प्रयोग झाला. तिच्या जुन्या उजव्या बुटासारखाच, त्याच नावाचा, त्याच रंगाचा लहान मुलांचा जोड तिनं मागवला, डाव्यासाठी. फोटोत दोन्ही सारखे. हातात आल्यावर कळलं की लहान मुलांच्या बुटाचा सोल निम्म्या जाडीचा आणि खाली खाचा नुसत्या शोभेच्या. दोन्ही घालून ती स्वयंपाकघरात उभी राहिली तेव्हा नवरा म्हणाला, "घर तिरकं झालंय की तू?" तिनं जोड परत पाठवला. परतीसाठी फोन केला तर पलीकडची बाई गोड आवाजात विचारत होती, परत करण्याचं कारण काय. पर्याय होते, माप लहान किंवा माप मोठं. ताई म्हणाली, "दोन्ही." पलीकडे संगीत लागलं.

"दोन जोड घे ना," नवरा म्हणाला. "एक चारचा, एक सहाचा. विषय संपव."

"आणि उरलेले दोन?"

"ठेव माळ्यावर."

तो सहज बोलला होता, पण ती भडकली. "पाय दोन, बूट चार. लोकांना एका पायाला एक बूट लागतो, मला दोन लागतात. का म्हणून?"

नवऱ्यानं पुस्तकाच्या पाठीला गोंद लावता लावता मान वर केली. तो कधी कधी घरी काम आणायचा. "का म्हणून ते मला नाही सांगता येणार," तो म्हणाला. "पण तू गेला महिनाभर या घरात दुसरं काही बोललेली नाहीस."

ते खरं होतं. शेवटी ती चष्मेवाल्याकडे जाऊन दोन जोड घेऊन आली. राखाडी रंगाचे, जाळीदार कापडाचे, हातात घेतले तर आत काही आहे की नाही अशी शंका यावी इतके हलके. उलट्या मापांचे उरलेले दोन बूट तिनं न बघताच खोक्यात घालून माळ्यावर फेकले.

पुढच्या सुट्टीला ती डोंगरावर गेली. डावी टाच पहिल्यांदा बुटाच्या टाचेत बसली होती. दगड पायाखाली कळत होता, सपाट आहे की निमुळता, पक्का आहे की हलणारा. कातळाच्या उतारावर ती जरा अडखळत उतरली, पुन्हा वर गेली, आणि दुसऱ्यांदा न अडखळता उतरली. तिसऱ्यांदाही गेली. कुणी बघत असतं तर वेडी म्हणालं असतं. घरी येताना बसमध्ये प्रवासी म्हणून बसली होती, आणि ड्रायव्हरनं विचारलं, "ताई, एवढं काय झालंय हसायला?"

आता आईला लपवून चालणार नव्हतं, कारण बूट दारातल्या रॅकवरच होते. ताईनं सांगितलं. आईनं डावा बूट उचलला, दोन्ही हातांनी मधोमध दुमडला आणि परत सोडला.

"हा कागद आहे," आई म्हणाली. "बूट नाही."

"हलका असतोच असा."

"आधार कुठाय याला?"

"आधाराची गरज नाही, आई. घोटा आखडलाय तो आखडलाय, तो आता वळणार नाही."

आईनं बूट जागेवर ठेवला. विषय मिटला असं ताईला वाटलं. तिथे तिची चूक झाली, कारण आईचा विषय कधी असा मिटत नसे.

ताई दिवसपाळीला गेली होती त्या दिवशी आईनं डावा बूट पिशवीत घातला आणि बाजारातल्या बूट दुरुस्त करणाऱ्याकडे गेली. तिथे खुर्चीवर बसून तिनं सगळं काम समोर करून घेतलं. खाली जाड रबराचा सोल चिकटवला. टाचेला उंची दिली. आतल्या बाजूनं घोट्यापाशी कडक चामड्याचा तुकडा शिवला. दुरुस्तीवाला म्हणाला होता म्हणे, आजी, हा पळायचा बूट आहे. आई म्हणाली, तू शिव. बूट घरी आणून तिनं फडक्यानं पुसला आणि उजव्याच्या शेजारी नीट जोडून ठेवला.

सुट्टीच्या सकाळी ताईनं पायात घालायला बूट उचलला आणि तो हातातून निसटला, इतका जड झाला होता. तिनं उलटा करून बघितला. खोल खाचांच्या जागी काळं गुळगुळीत रबर.

"हे कुणी केलं?"

आई आतून आली. तिच्या चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान होतं. "मी करून घेतलं. आता निर्धास्त पळ."

ताई दारातच खाली बसली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते अधिक वाईट झालं. "आई, तू याचं वाटोळं केलंस."

"वाटोळं? अगं, त्याला काही बूड नव्हतं."

"तसाच हवा होता मला. महिनाभर शहर पालथं घातलं मी याच्यासाठी. एकाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं, जो तो मला सांगतो तुमच्या पायाला काय पाहिजे. त्यांचं मी समजू शकते. तू विचारायचं तरी होतंस."

"त्या पायाचं मी कुणाला विचारणार?" आई म्हणाली. "तुला बोलता येत नव्हतं तेव्हापासून मीच बघत आलेय."

"आता बोलता येतं मला."

नवरा चहाचा कप हातात घेऊन आतल्या दारात उभा होता. तो ना पुढे आला, ना मागे गेला. आई एकदा त्याच्याकडे, एकदा लेकीकडे बघत राहिली.

"पाय तू सरळ केलास," ताई म्हणाली. "मान्य आहे. आता तो मला देऊन टाक."

आई आत निघून गेली. दिवसभर तिनं जेवायला नाही म्हटलं. जावई ताट घेऊन दोनदा गेला आणि दोनदा परत आला. ताईला वाईट वाटत होतं आणि रागही जात नव्हता, आणि दोन्ही एकाच वेळी सहन करणं हे जड बूट घालून डोंगर चढण्यापेक्षा कठीण होतं.

चष्मेवाल्याकडे चारचा जोड संपला होता. पुढचा माल शर्यतीनंतर येणार होता. डेपोतल्या मेकॅनिकनं बूट हातात फिरवून बघितला आणि गरम हवेच्या बंदुकीनं तो सोल सुटेल म्हणाला. सोल सुटला, चामड्याचा तुकडाही उसवून निघाला. पण गोंद इमानदार निघाला आणि त्यानं जाताना खालच्या खाचाही सोबत नेल्या. बुटाचा पुढचा अर्धा भाग तुळतुळीत झाला. मेकॅनिक म्हणाला, "ताई, असा टायर मी तुमच्या बसला लावला तर तुम्ही मला धरून माराल."

ताईनं तोच घातला आणि शर्यतीला गेली.

चढ तिचाच होता. पहिल्या कातळापर्यंत ती बऱ्याच जणांना ओलांडून पुढे गेली. वरच्या खांबाला हात लावून वळली तेव्हा बायकांमध्ये तिच्या पुढे मोजक्याच होत्या. मग उतार आला. उजवा बूट दगडाला धरून ठेवायचा आणि डावा सोडून द्यायचा. तिनं पावलं आखूड केली, वजन उजव्यावर घेतलं. मोठ्या कातळावर, जो तिला तोंडपाठ होता, डावा पाय गेला आणि ती बसली ती बसल्या बसल्या घसरत खाली आली. कोपर सोलून निघालं, कंबरेला मार बसला. मागून येणारी एक मुलगी थांबून हात द्यायला आली. "काकू, लागलं का?" ताईनं मान हलवून तिला पुढे जायला सांगितलं. उरलेली वाट तिनं चालत काढली. जे जे मागे टाकले होते ते एकेक करून बाजूनं गेले. त्यातल्या काहींनी "छान, छान, सोडू नका" असं म्हटलं, आणि त्या वेळी तिला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं.

ती शेवटून चौथी आली. शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पदक घालणाऱ्या बाईनं विचारलं, "मजा आली ना?" ताईनं त्या बाईकडे असं बघितलं की तिनं पुढच्या माणसाला काहीच विचारलं नाही.

घरी आई दारातच होती. त्या सकाळनंतर दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं होतं. आईनं कोपर बघितलं, पण विचारलं दुसरंच.

"पाय?"

"पायाला काही नाही."

"काहीच नाही?"

"बूट घसरला. पाय नाही घसरला."

आईनं कापूस आणला आणि कोपर पुसायला बसली. जखमेत बारीक खडे होते. ते ती चिमटीनं काढत होती, आणि ताई दात आवळून बसली होती. शेवटचा खडा निघाल्यावर आई म्हणाली, "उद्या कुठली पाळी?"

"दुपारची."

"मग सकाळी चल. तो डावा मी आणून देणार."

"मिळत नाही, आई. सगळीकडे विचारून झालंय."

"मी नाही विचारलेलं."

दुसऱ्या दिवशी आई तिला घेऊन गेली ती थेट काचेच्या दारांच्या मोठ्या दुकानात. बिल्ल्याचा तरुण ताईला ओळखून आधीच कसनुसा झाला. आई त्याच्यासमोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "बाळा, आम्हाला डावा बूट हवाय. चार नंबर. दगडावर पळायचा, हलका."

"जोड घ्यावा लागतो, आजी. एकटा मिळत नाही."

"उजवा चार नंबर आधीच माळ्यावर पडलाय." आईनं भिंतीकडे बोट केलं. "आणि हे काय आहे?"

तरुणानं भिंतीकडे बघितलं. खालपासून वरपर्यंत एकेक बूट मांडलेला होता.

"ते मांडणीचे आहेत, आजी. प्रत्येकाचा दुसरा आत खोक्यात असतो."

"प्रत्येकाचा असतो?"

"असतोच."

"बघून ये."

"सगळ्यांचा?"

"हलक्या बुटांचाच बघ. चार नंबरचा, डावा. मला घाई नाही. हिची ड्युटी दुपारी आहे."

ताईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. "आई, चल," ती हळूच म्हणाली. आईनं ऐकलं नाही असं दाखवलं आणि पर्समधून चष्म्याचं फडकं काढून चष्मा पुसायला घेतला. गिऱ्हाइकं बघायला लागली. तरुण आत गेला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरनं तेच सगळं पुन्हा सांगितलं, जास्त नम्रपणे. आईनं तितक्याच नम्रपणे ऐकून घेतलं.

"साहेब, हिचे पाय दोन मापांचे आहेत," आई म्हणाली. "त्यात तुमची चूक नाही, आणि तिची पण नाही. चूक माझी आहे. तिचा चांगला बूट मी बिघडवला. तो भरून दिल्याशिवाय मी घरी जाऊ शकत नाही."

मॅनेजर स्वतःच आत गेला. आतून खोकी सरकवल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक बूट होता, भडक नारिंगी, मागच्या वर्षीचा, टोकावर धुळीचा थर. "याचा उजवा बरेच दिवस सापडत नाहीये," तो म्हणाला. "आणि हा डावा आहे. चारच आहे."

ताईनं घातला. टाच बसली. खाचा खोल होत्या.

मग नवीन भानगड सुरू झाली. संगणक एका बुटाचं बिल करायला तयार होईना. तरुणानं एक आकडा घातला, यंत्रानं तो आपोआप जोड केला. मॅनेजरनं घातला, तरी तेच. मागे रांग वाढत गेली. शेवटी मॅनेजरनं कपाळ चोळलं आणि तो बूट बिलात 'मोजे' म्हणून लिहिला.

"फक्त एक आहे," तो म्हणाला. "मोजे परत घेत नाही आम्ही."

"आम्ही देतही नाही," आई म्हणाली आणि उठली.

दुपारी शेवटच्या थांब्यावर ताई उतरली. कंडक्टरनं वर्तमानपत्र खाली करून तिच्या पायांकडे बघितलं, एक राखाडी, एक नारिंगी, आणि पुन्हा वर ओढून घेतलं. ती पहिल्या कातळापर्यंत धावत गेली आणि तशीच खाली यायला निघाली. नारिंगी बूट दगडाला घट्ट धरत होता. फक्त मागच्या वर्षीचा असल्यामुळे त्याची टाच जरा वर होती आणि ती नेमकी जुन्या टाक्यांच्या व्रणावर घासत होती. ताई मध्येच एका दगडावर बसली, बूट काढला, आत बोट फिरवलं, आणि स्वतःशीच एक शिवी दिली जी ती बसमध्ये कधी देत नसे. तेवढ्यात फोन वाजला.

"कसा आहे?" आईनं विचारलं.

"घासतोय."

"कुठे?"

"टाचेला. मागे."

"संध्याकाळी आण माझ्याकडे, मी जरा त्याला..."

"आई, हात लावायचा नाही."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," आई म्हणाली.

खाली हॉर्न वाजला. ताईनं मोजा दोन पदरी केला, बूट पुन्हा चढवला आणि नाडी आवळायला घेतली.